मीठ नेहमीइतकं

२१ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी सव्वाअकरा. रक्कम शहाण्णव हजार रुपये. जागा जबलपूरच्या गढा भागातलं शिलाई मशीनचं दुकान. हजर चौघं: मी, माझी बायको, माझा धाकटा भाऊ आणि दुकानदार.

शहाण्णव हजार भावानं तीन दिवसांपूर्वी आगाऊ भरले होते. बारा मशीनं, प्रत्येकी सोळा हजार, निम्मी रक्कम आधी. त्यासाठी त्यानं एक मुदत ठेव मोडली होती. ठेवीचा कागद माझ्या कपाटात होता, पण बँकेला आता कागद लागत नाही. भाऊ शहपुऱ्याच्या सरकारी शाळेत शिक्षक. सुईत दोरा ओवायचीही त्याला सवय नाही, आणि आता तर हात कापतो म्हणून ते शक्यही नाही. आमच्या शहरात सलवार-सूट शिवण्याचा मोठा धंदा आहे. त्यात उतरायचं, बायकांना कामाला लावायचं, दिवाळीपर्यंत बाराची साठ मशीनं करायची, हे त्यानं सहा रात्रींत ठरवलं होतं. त्या सहा रात्रींत तो रोज दोन-तीन तास झोपला. मी जवळपास तेवढाच झोपलो, पण मी थकलो होतो आणि तो ताजा होता.

आम्ही पैसे परत मागायला गेलो होतो. माझ्याकडे यासाठी एक वाक्य तयार असतं, बारा वर्षांत घासून गुळगुळीत झालेलं: भाई की तबियत ठीक नहीं है. ते मी दुकानदाराला बाजूला घेऊन म्हणायच्या आधीच भावानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ये हमारे दादा हैं," तो दुकानदाराला म्हणाला. "फैक्टरी में तोप का हिसाब रखते हैं, इसलिए सुई से डरते हैं."

दुकानदार हसला. माझी बायकोही हसली, मग तिनं पदर तोंडाला लावला. मी संरक्षण कारखान्याच्या लेखा विभागात आहे, तोफ मी कधी जवळून पाहिलेली नाही. पण तो असा असताना त्याच्यासमोर कोणी टिकत नाही. मी माझं वाक्य म्हटलं. दुकानदारानं आम्हा दोघांकडे नीट पाहिलं आणि मला सांगितलं, "भैया तो एकदम ठीक लग रहे हैं. बीमार तो आप लग रहे हो."

त्याचं काही चुकलं नव्हतं.

घरी परतताना भाऊ रिक्षात मला म्हणाला, "दादा, तू काहून घाबरून राहिला? मला सगळं दिसून राहिलं आहे." मला पैशाची भीती नव्हती असं म्हणणार नाही. पण खरी भीती तारखेची होती. शिक्षण खात्याचं शेवटचं पत्र जानेवारीत आलं होतं: एक एप्रिलला नवीन सत्र सुरू होईल त्या दिवशी डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह हजर व्हावं, नाहीतर नोकरीतून कमी करण्याची कारवाई होईल. भाऊ त्रेचाळीस वर्षांचा आहे. निवृत्तीला एकोणीस वर्षं. बिनपगारी रजा सगळ्या संपल्या होत्या. आणि मला अनुभवानं ठाऊक होतं की फेब्रुवारीत जो एवढा वर गेला तो मार्चमध्ये खाली येणार. किती खाली, एवढंच ठाऊक नव्हतं.

हे सगळं टळलं असतं. टळलं असतं असं मी म्हणतो ते हळहळ म्हणून नाही, माझ्याकडे त्याची नोंद आहे म्हणून.

पहिल्यांदा तो आजारी पडला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. शाळेच्या गावी पहाटे पाच वाजता मुलांच्या घरोघरी जाऊन त्यानं गणिताचा वर्ग भरवला. पहिले चार दिवस पालक खूश होते. पाचव्या दिवशी त्यानं आपली स्कूटर एका पालकाला देऊन टाकली आणि शहपुऱ्याहून घरी चालत निघाला. त्यानंतर साडेचार महिने तो पलंगावर होता. आम्ही त्याला आधी आळस समजलो, मग प्रेमभंग, मग कोणीतरी काही केलं असेल असं आईला वाटलं. शेवटी शहरातल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं: बायपोलर. दोन वेगळे आजार नाहीत, एकच आहे, वरचा आणि खालचा, असं त्यांनी मला दोनदा समजावलं. जाणारा आजार नाही, म्हणाल्या, "इसके साथ रहने का हिसाब बैठाना पड़ेगा."

हिसाब म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं. हे काम आपलं आहे असं वाटलं. येताना दोनशे पानांची वही घेतली.

औषध लिथियम. तीनशे मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज. दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. औषध कमी पडलं तर उपयोग नाही, थोडं जास्त झालं तर विष, आणि दोन्हींमधली जागा अगदी अरुंद. बाईंनी सूचना सांगितल्या, मी पहिल्या पानावर आकडे घालून उतरवल्या, एक ते सहा. मग पान उलटलं आणि तक्ता आखला: तारीख, गोळ्या, झोपेचे तास, रक्तातलं प्रमाण.

पाच वर्षं तो तक्ता चालला. वीस तपासण्या झाल्या आणि प्रमाण शून्य पूर्णांक सहा ते नऊच्या दरम्यान राहिलं. झोप सात तास, कधी साडेसात. भाऊ सकाळी सहा चाळीसची बस पकडायचा, संध्याकाळी घरी येऊन भाकरी-भाजी खायचा, आईशी पत्ते खेळायचा. एकही दिवस वर नाही, एकही खाली नाही. तो पूर्ण सुखी नव्हता. एकदा वह्या तपासता तपासता म्हणाला, "दादा, मी रुपयाचा होतो. तुम्ही मला चार आण्याचा केला."

मी म्हटलं, "पण चार आणे रोज मिळतात."

त्यावर तो हसला होता. ते हसणं मी पुष्कळदा आठवतो, कारण त्यात काही वरचं-खालचं नव्हतं. साधं हसणं होतं.

आता मिठाचं.

पहिल्या आजारपणात आईनं नर्मदेच्या घाटावर नवस बोलला होता. लेक पाच वर्षं नीट राहिला तर येणारा अधिक महिना पूर्ण अळणी करीन. आमच्याकडे अधिक महिन्यात कोणी एकभुक्त राहतं, कोणी एखादं धान्य सोडतं. आईनं मीठ सोडायचं ठरवलं. पाच वर्षं झाली तेव्हा ज्येष्ठ अधिक आला. म्हणजे मधला मे ते मधला जून, जबलपूरचं सगळ्यात वाईट ऊन. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, चक्कर येण्याचा त्रास. तिच्या डॉक्टरांनी महिनाभर अळणी खायला साफ नकार दिला. आई ऐकेना. नर्मदा मैयाला बोललेलं फिरवायचं नसतं, असं तिचं एकच म्हणणं.

तोडगा भावानं काढला. जेवताना म्हणाला, "आई, नवस माझ्यासाठी बोललीस ना? मग मी फेडतो. माझा मी."

आईला ते पटलं. मला तर फारच पटलं. ज्याच्या नावावर बोलला गेला त्याच्याच नावावर फिटला, नोंद एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली, रक्कम तीच. शिवाय मीठ कमी खाणं सगळ्यांना चांगलंच, असं मी म्हटल्याचं माझ्या बायकोला आठवतं. मला आठवत नाही, पण मी म्हटलं असेन. मी एकच अट घातली: तीस दिवसांत एकही गोळी चुकता कामा नये. नव्वद गोळ्या मी स्वतः मोजून डबीत भरल्या.

त्या महिन्यात बायको आमटीला मीठ घालायच्या आधी त्याची वाटी वेगळी काढायची. पोळीची कणीक वेगळी मळायची. पाव, बिस्किटं, लोणचं, पापड बंद. पन्हं रोज, पण मिठाशिवाय, नुसता गूळ घालून. शाळेला सुट्ट्या होत्या तरी तो दुपारी छतावर टाकी साफ करायला, गव्हाला ऊन द्यायला जायचा. घामानं शर्टावर पांढरे डाग पडायचे. ते मीठच होतं. बायको ते धुवायची.

बाराव्या दिवशी त्याचा चहा बशीत सांडला. हात कापत होता. सोळाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. उन्हाची लू लागली, सगळ्यांनी म्हटलं. शेजारच्यांनी कांद्याचा रस तळपायाला लावायला सांगितला, तो लावला. मग तो सारखा झोपू लागला. झोपेमुळे गोळी चुकू नये म्हणून दोन दिवस, सहा वेळा, मी त्याला उठवून, डोकं धरून, माझ्या हातानं गोळी दिली. एकोणिसाव्या दिवशी सकाळी तो भिंतीला धरून उभा राहिला. जीभ जड झाली होती.

"दादा," तो म्हणाला, "जमीन सरकून राहिली."

आणि पडला.

रक्तातलं प्रमाण तीन पूर्णांक एक निघालं. ते अशा माणसाचं, ज्याचं पाच वर्षं नऊच्या वर, म्हणजे शून्य पूर्णांक नऊच्या वर, कधी गेलं नव्हतं. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, गोळ्या जास्त घेतल्या का? मी डबी दाखवली, उरलेल्या गोळ्या मोजून दाखवल्या. बरोबर होत्या. मग त्यानं विचारलं, खाण्यात काही बदल? मी सांगितलं. शरीराला मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, आणि मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतात, हे त्यानं मला हळू आवाजात समजावलं. "किसी ने बताया नहीं था आपको?"

तो आधीचे आकडे बघायला मागत होता म्हणून मी वही बरोबर नेली होती. पहिलं पान उघडलं. पाच वर्षांत मी ते एकदाही उघडलं नव्हतं, कारण तक्ता दुसऱ्या पानापासून होता. सूचना क्रमांक तीन: पाणी भरपूर, मीठ नेहमीइतकं, कमी नाही जास्त नाही. क्रमांक पाच: जुलाब झाल्यास गोळी बंद, ताबडतोब कळवणे. अक्षर माझं. "नेहमीइतकं" या शब्दाखाली रेघही मारलेली.

डायलिसिस चार वेळा झालं. अकरा दिवसांनी तो घरी आला. जगला. पण हाताचं कापणं राहिलं ते राहिलंच, चालताना तो पाय रुंद टाकतो, दारू प्यायल्यासारखा, आणि मूत्रपिंडं अर्धी उरली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लाल शाईत लिहून दिलं की या रुग्णाला लिथियम पुन्हा कधीही द्यायचं नाही.

त्याला धरून ठेवणारं तेवढं एकच औषध होतं. बाकीची चारही नंतर देऊन झाली. एकानं वजन सोळा किलो वाढलं, एकानं काही झालंच नाही, दोन मिळून अर्धं काम करतात. या सात वर्षांत तो चारदा वर गेला आणि पाचदा खाली. वही मी अजून लिहितो. मध्यंतरी एका वर्षाच्या झोपेची सरासरी काढली तर सहा तास पन्नास मिनिटं आली, अगदी निरोगी माणसाची. त्यात दोन तासांच्या रात्री होत्या आणि सोळा तासांच्याही. सरासरी काढण्यावर माझं पोट आहे. या आजारात ती काही सांगत नाही.

आईनं मला एकदाच विचारलं. भाऊ आत झोपला होता, ती तांदूळ निवडत होती. "मिठानं झालं का रे?"

मी म्हटलं, "उन्हानं झालं."

तिनं मान हलवली. पुढे दोन वर्षं ती जगली आणि त्याच्यासाठी दर रविवारी अळणी जेवली. मी तिला अडवलं नाही. अडवलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

भावाला खरं कारण ठाऊक आहे. डॉक्टरनं त्यालाही सांगितलं होतं. तो चांगला असताना त्याबद्दल बोलत नाही. वर असताना बोलतो. दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर जेवताना त्यानं मिठाची बरणी माझ्या पानासमोर ठेवली आणि म्हणाला, "दादा, मोजून घे." सगळे हसले. मी वाढून घेतलं.

तर मशीनं. मी दुकानदाराकडे एकूण पाच वेळा गेलो. पाचव्यांदा इस्पितळाचे कागद नेले. त्यानं ते नीट वाचले, पाणी दिलं आणि स्वतःही प्यायला. सहा मशीनं कानपूरहून निघाली आहेत, परत पाठवायचा खर्च माझा, असं म्हणून सव्वीस हजार कापून सत्तर हजार परत केले. त्याच्या जागी मीही कापले असते.

नऊ मार्चला झोप तीन तास. तेराला सहा. वहीत सहा पाहून मला क्षणभर आनंद झाला, कारण सहा हा चांगला आकडा आहे. पण भाऊ वरून खाली जाताना सहावर थांबत नाही, तिथून फक्त जातो. सतराला चौदा तास. त्यानंतर तो पलंग सोडून उठला नाही.

तरी बायकोनं त्याचे शाळेचे कपडे काढून ठेवले. डॉक्टरीणबाई आता घरीच असतात, त्यांच्या जागी दुसरे डॉक्टर आहेत. त्यांनी प्रमाणपत्र द्यायला नकार दिला. ही अवस्था पाहून कामावर जाण्यास योग्य असं मी कसं लिहू, म्हणाले. मी त्यांच्याशी वाद घातला, तारीख सांगितली, एकोणीस वर्षं सांगितली. बाहेर आल्यावर लक्षात आलं की मी एका डॉक्टरला खोटी नोंद करायला सांगत होतो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी तसं करायला कोणाला सांगितलेलं नाही.

एक एप्रिल, मंगळवार. प्रमाणपत्र नसलं तरी हजर तर व्हावं, असा माझा विचार. साडेपाचला मी त्याला उठवून बसवलं. त्यानं पायमोजा घातला, एकच. दुसरा हातात धरून बसला. मी शर्ट चढवला. बटणं त्याच्या बोटांनी लागत नाहीत, तीही मी लावली, वरून खालपर्यंत सात. सहा वाजले. सव्वासहा. आमच्या घरून थांबा दहा मिनिटांवर आहे, त्याच्या चालीनं वीस. सहा चाळीस वाजले. बाहेर बायकोनं थांब्यापर्यंत न्यायला माझी स्कूटर काढून ठेवली होती, ती मी तिला आत घ्यायला सांगितली.

सात वाजता तो म्हणाला, "झालं का लावून?"

मी हो म्हटलं.

"मग काढ आता."

मी खालून सुरुवात केली.

नोकरीतून कमी केल्याचं पत्र बारा मे रोजी आलं. पोच म्हणून सही हवी होती. त्यानं केली ती सही सेवापुस्तकातल्या सहीशी जुळत नाही म्हणून परत आली. पुन्हा केली, तीही परत आली. तिसऱ्यांदा अंगठा घेतला. पस्तीस-चाळीस मुलांना दरवर्षी वर्गमूळ शिकवणारा माणूस. शाई पुसायला मी कपडा दिला तर त्यानं हात तसाच चादरीखाली नेला.

सतरा मे, शनिवारी, एक बाई दारात आली. रांझीत राहते, पंचेचाळीसच्या आसपासची. भावाच्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी तिच्याजवळ होती. अक्षर थरथरतं पण वाचता येत होतं: एक मार्चपासून शिलाईकामावर, पगार नऊ हजार. त्या भरवशावर तिनं जुन्या कारखान्यातली नोकरी सोडली होती. एक मार्चला ती चिठ्ठीवरच्या गढ्यातल्या पत्त्यावर गेली, तिथे बंद शटर. महिनाभर घरी बसली, मग जुन्या मालकानं परत घेतलं, पगार कमी करून. ती आली होती ती भांडायला नाही. एका महिन्याचं तरी मिळावं, म्हणाली. तिनं आतापर्यंत आमचा पत्ता शोधला नव्हता, कारण भैयाच येतील असं तिला वाटत होतं.

मी हिशेब करू लागलो. काम झालेलं नाही, करार नाही, चिठ्ठी लिहिल्याची तारीख नाही. नऊऐवजी पाच म्हणावे का, असं मनात आलं होतं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. भाऊ भिंतीकडे तोंड करून होता. बारा तारखेपासून तो एक शब्द बोलला नव्हता.

"दे तिला," तो म्हणाला. "पूर्ण दे."

तिनं आवाज ओळखला. दारातूनच वाकून आत पाहिलं, पण पाठच दिसत होती. मग हळूच मला विचारलं, "भैया ठीक हो जाएँगे ना?" मी तिला बसायला सांगितलं आणि कपाटाकडे गेलो.

दुकानदाराकडून आलेल्या सत्तर हजारांतून नऊ हजार, रोख, पाचशेच्या अठरा नोटा, त्या बाईला दिले.